ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात? या चुका टाळा

आठवडे बाजारातून एकाच दिवशी मी एक ससा आणि एक गिनीपिग घरी आणले. दोन पिंजरे लागतील का, असं विचारलं तेव्हा विकणारा म्हणाला, “कसाले? दोन्ही गवतच खातस ना भो!” मलाही ते पटलं. दुपारी दोघं अंगाला अंग लावून कोपऱ्यात बसायचे, घरातले सगळे कौतुकाने बघायचे. दीड महिन्याने गिनीपिगने खाणं सोडलं. नाक वाहायला लागलं, श्वास घेताना कूस आत-बाहेर व्हायची. जनावरांच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. तिसऱ्या दिवशी तो गेला. ससा मात्र ठणठणीत होता.

तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडचं कोणीही विचारलं तरी माझं उत्तर ठरलेलं आहे: ही दोन जनावरं एका पिंजऱ्यात ठेवू नका.

ससा ठणठणीत आहे म्हणून निर्धास्त राहणं

बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचे जिवाणू पुष्कळ सशांच्या नाका-घशात असतात. सशाला सहसा काही होत नाही, पण तेच जिवाणू गिनीपिगच्या फुप्फुसात गेले की जीवघेणा न्यूमोनिया होतो. शिंकेतून, भांड्यांतून, आपल्या हातांतूनही ते पोचतात. म्हणून मधे नुसती जाळी लावून भागत नाही. शक्य असेल तर खोल्याच वेगळ्या ठेवा. आधी गिनीपिगचं आवरा, मग सशाचं, आणि मधे साबणाने हात धुवा.

इथे आणखी एक घातक चूक होते. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी कुटून पाजतात. ससा काय, गिनीपिग काय, दोघांच्याही आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि जनावर दगावू शकतं. औषध डॉक्टरांनीच द्यावं, आणि बारा तास काही खाल्लं नसेल तर सकाळची वाट बघू नये.

दोघांना एकच खाद्य

ससा जीवनसत्त्व क स्वतःच्या शरीरात तयार करतो. गिनीपिगला ते जमत नाही, आपल्यासारखंच ते त्याला रोज खाण्यातून मिळावं लागतं, साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम. गाभण मादीला जास्त. सशाच्या गोळीखाद्यात ते घातलेलं नसतं. त्यामुळे सशाच्या ताटलीवर वाढलेला गिनीपिग काही आठवड्यांत लंगडायला लागतो, सांधे सुजतात, हात लावला की ओरडतो, केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येतं. लोकांना वाटतं, पडला असेल, मुरगळलं असेल. तो स्कर्व्ही असतो.

गिनीपिगचं खास खाद्य आणलं तरी पाकिटावरची तारीख बघा. क जीवनसत्त्व दिवसेंदिवस उडत जातं, आणि आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यात तर फारच लवकर. पाण्यात थेंब टाकणंही मला पटत नाही: उजेडाने ते निकामी होतं, शिवाय चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं. त्यापेक्षा रोज शिमला मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर, अधूनमधून पेरूची पातळ फोड द्या. केळी घरचीच असली तरी हात आखडता घ्या, साखर फार असते.

दोघांचंही मुख्य अन्न मात्र वाळलेलं गवत. हरळी, मारवेल चालतं. लसूणघास पिल्लांपुरता ठीक. मोठ्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन मूतखडा होण्याची भीती असते. आणि खान्देशात हे ठासून सांगावं लागतं: गाई-म्हशींची सरकीची ढेप यांना घालू नका. सरकीतलं गॉसिपॉल रवंथ करणाऱ्या जनावरांना बरंचसं पचतं, यांना ते विषारी ठरतं. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचं गवतही नको.

एकत्र बसतात म्हणजे पटतं असं समजणं

ससा दोन-तीन किलोचा, गिनीपिग जेमतेम एक किलोचा. ससा घाबरून मागच्या पायांनी लाथ मारतो, ती शत्रूसाठी असली तरी गिनीपिगची हाडं मोडू शकते. वयात आलेला नर ससा त्याच्यावर चढतो, पाठलाग करतो. संकर होईल ही भीती मात्र खोटी आहे, दोघांची कुळंच वेगळी.

मला जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ससा गप्प राहून कान, नाक, अंग यांनी बोलतो, सोबत्याला चाटून माया करतो. गिनीपिग कुईं-कुईं करून बोलतो आणि चाटणं त्याला फारसं आवडत नाही. दोघांना एकमेकांची भाषाच कळत नाही. माझे ते दोघं कोपऱ्यात बसायचे, कारण पिंजऱ्यात दुसरी जागाच नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये 2008 च्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, पण त्याला सोबत हवी ती त्याच्याच जातीची. दोन माद्या ठेवणं सगळ्यांत सोपं. नर-मादी ठेवलीत तर दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं, आणि नर पिल्लं तीन आठवड्यांत वेगळी काढावी लागतात. सशांची जोडीही खच्चीकरण करूनच ठेवावी.

एप्रिल-मे

भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. यांना तर तिशीच्या वरही त्रास होतो. ससा कानांतून उष्णता टाकतो, गिनीपिगला तेवढे कान नाहीत, म्हणून गर्दीच्या पिंजऱ्यात तो आधी कोसळतो. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. फरशी, ओलं गोणपाट, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर कानांना, पायांना साधं गार पाणी लावा आणि लगेच दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आधीच एकत्र असतील तर

आज रात्रीच वेगळे करा. जुना पिंजरा सशाला राहू द्या. गिनीपिगला नवीन भांडी, कागद-गवताचं अंथरूण आणि लपायला उलटं खोकं द्या. तळाला जाळी नको, पायांना जखमा होतात. दोन-तीन दिवस तो जास्त ओरडेल, चालेल. रोज वजन करा: घट दिसली की तपासणी. नवा सोबती आणलात तर त्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, शिंका-नाक बघा, मग दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी, प्रत्येकाला वेगळं खोकं आणि वेगळं गवत ठेवून त्यांची गाठ घालून द्या.