अंदमानात डायव्हिंग शिकून प्रवाळांच्या कामाला जाताना

सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म. तिकीट, रजा, मास्क, सगळं त्याच्यानंतर. आमच्या हातून एकदा हाच राहिला होता, त्यामुळे तो या यादीत पुन्हा पुन्हा येणार आहे. दर वेळी वाचा, टाळू नका.

डायव्हिंग शिकवणारं कुठलंही नीट केंद्र पाण्यात उतरवण्याआधी तीन पानी फॉर्म पुढे ठेवतं. पहिल्या पानावर १० प्रश्न असतात. दहाही उत्तरं ‘नाही’ असली तर सही केली की झालं. तिसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या प्रश्नाला ‘हो’ आलं, की थेट डॉक्टरची सही लागते. तिसरा प्रश्न दम टिकतो का याचा: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का? पाचवा शस्त्रक्रियेचा, त्यात गेले १२ महिने धरायचे. दहावा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा, आणि लोक अडकतात ते इथे. सकाळी उठल्या उठल्या घेतली जाणारी थायरॉइडची गोळी इतकी अंगवळणी पडलेली असते की ते औषध आहे हेच आठवत नाही. बीपीची गोळी तशीच. दोन्हींचं उत्तर ‘हो’. गर्भनिरोधक गोळ्यांना सूट आहे, मलेरियाच्या गोळ्यांनाही आहे, फक्त मेफ्लोक्विनला नाही. उरलेल्या प्रश्नांत ‘हो’ आलं तर दुसऱ्या पानावरचा त्या प्रश्नाचा चौकोन भरायचा. वय ४५ च्या पुढे असेल तर तिथे धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि घरातला हृदयविकार विचारतात. भरलेल्या कुठल्याही चौकोनात एक जरी ‘हो’ आलं तरी तिसरं पान डॉक्टरकडे.

आता हे घरीच का करायचं? हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण तुम्हाला कधीच न पाहिलेल्या डॉक्टरने तुमच्या फुप्फुसांची खात्री द्यावी, तीही तापाच्या रुग्णांच्या रांगेत, ही अपेक्षाच चुकीची. सही नसेल तर इन्स्ट्रक्टर पाण्यात नेणार नाही, आणि त्याने नेऊही नये. मग बोटीने परत पोर्ट ब्लेअर, म्हणजे श्री विजयपुरम. येण्याजाण्यात दिवस जातो, आणि कोर्स असतो जेमतेम तीन-चार दिवसांचा.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी केंद्राकडून फॉर्म मागवा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. नेहमीचे डॉक्टर एमबीबीएस नसतील तर एमबीबीएस किंवा एमडी गाठा, तिथे जाऊन वाद नको. ते ईसीजी, छातीचा एक्स-रे किंवा फुप्फुसांची चाचणी सांगू शकतात आणि त्यात आठवडा सहज जातो. सही, शिक्का, तारीख. तीन प्रती काढा: एक केबिन बॅगेत, एक सामानात, एक केंद्राला ईमेलने.

आणि खोटं ‘नाही’ लिहू नका. दमा असलेल्या माणसाच्या फुप्फुसात हवा अडकू शकते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून वर येताना अडकलेली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटतं. ‘कोण विचारतंय’ असं म्हणण्याची ही जागा नाही.

पोहणं. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सला, २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. तरंगणं सोपं वाटून लोक सराव करत नाहीत. करा. तारकर्ली-मालवणला इन्स्ट्रक्टरने धरून नेलेली एक डुबकी झाली असेल तर छानच, पण प्रवाळांचं काम करणाऱ्या संस्थेच्या अर्जात त्यावर ‘डायव्हिंग येतं’ असं लिहू नका. तिथे जॅकेट (हवा भरून किंवा सोडून तरंगणं सांभाळणारं), हवा, खोली सगळं तो सांभाळत होता. थिअरी ऑनलाइन असते, ती घरीच संपवा. बेटावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

संस्थेला आधीच विचारायचं: प्रवाळांची मोजणी कोणत्या पद्धतीने करता, त्यासाठी किती डुबक्या आणि कोणतं सर्टिफिकेट लागतं, वनखात्याची परवानगी कोणाच्या नावावर आहे, पैसे कशाकशाचे घेता. नुकतंच ओपन वॉटर झालेल्याला पहिल्याच दिवशी प्रवाळावर मोजणीला नेतो असं कोणी म्हणालं तर तिथे जाऊ नका.

मास्क मात्र स्वतःचा घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं धरतं. मिशीचा नाकाखालचा वरचा काठ कातरा, पाणी तिथूनच शिरतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क आधीच बनवून घ्या. बाकी सामान केंद्र देतं. पाणी २७ ते ३० अंश असतं म्हणून वेटसूट नको, असं म्हणू नका. दिवसाला तीन डुबक्यांनंतर त्या पाण्यातही हुडहुडी भरते. ३ मिलिमीटरचा पुरतो.

विमा: साध्या मेडिक्लेममध्ये डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, पॉलिसी वाचा. बेंड्स झाले, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाले, तर ज्या दाबाच्या चेंबरमध्ये ठेवतात तो हॅवलॉकवर नाही. आणि विमा कंपनीही पहिल्यांदा विचारते ते काय? मेडिकल फॉर्म.

हंगाम डिसेंबर ते मे. फेब्रुवारी-मार्चात समुद्र शांत. प्रवाळ पांढरे पडण्याची नोंद करायची असेल तर एप्रिल-मे, कारण पाणी तेव्हा सगळ्यात तापलेलं असतं. २०१० मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सगळं काम पहाटे सुरू होतं. बोट लागत असेल तर गोळी आधी घरी एकदा घेऊन बघा, काहींना गुंगी येते. रोख पैसे जवळ ठेवा. टोपी, पाण्याची बाटली, सांगायला नको.

कान. दुखायची वाट बघायची नाही. उतरायला लागल्यापासून अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं. पहिल्या काही मीटरांतच हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्याने बदलतं, म्हणून घाई तिथेच नडते. अडलं तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर डुबकी नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना कान अडकतो.

वजनं. नवख्याला जास्त वजन बांधलं जातं आणि तो प्रवाळावर आपटतो. ॲल्युमिनियमचा टँक संपत येताना साधारण २ किलोने हलका होतो, म्हणून तपासणी शेवटी, टँकमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना करा: जॅकेट रिकामं, श्वास भरून धरलेला, पाणी डोळ्यांच्या पातळीला. ते जमलं की मग स्लेट, म्हणजे पाण्याखाली लिहायची पाटी, हातात. पोराइट्स जातीच्या प्रवाळाचा गोटा वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. पायातल्या फिनच्या एका फटक्याने काय जातं याचा हिशेब तुम्हीच करा.

मोजणी रीफ चेक पद्धतीची असेल तर १०० मीटरचा टेप, त्यावर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटरची मोकळी जागा. तळाची नोंद दर अर्ध्या मीटरला, म्हणजे एकूण १६० बिंदू. मासे आधी मोजायचे, माणसं फिरली की ते पांगतात. पेन्सिल दोऱ्याने बांधा. नोंद त्याच संध्याकाळी उतरवून काढा, दुसऱ्या दिवशी अक्षर लागत नाही.

परतताना: एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज डुबक्या झाल्या असतील तर १८, आम्ही २४ धरतो. शंख, मेलेलं प्रवाळ, काहीही उचलू नका. कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सापडतं. लॉगबुकवर, म्हणजे डुबक्यांच्या नोंदवहीवर, सही घ्या. मास्क गोड्या पाण्यात धुवा.

पुढच्या हंगामात परत जाणार असाल तर मेडिकल फॉर्मवरची तारीख बघा. १२ महिने उलटले असतील तर नवीन भरायचा, आणि मधल्या काळात एखादी गोळी सुरू झाली असेल तर पुन्हा डॉक्टरची सही.