डबक्यातला पाणभुंगेरा ओळखायचा कसा?

ठाण्यात तलाव भरपूर, पण छोटे शिकारी पाणभुंगेरे बघायचे तर तलावपाळीच्या दगडी काठावर वेळ घालवू नका. मासे असलेल्या उघड्या पाण्यात हे २ ते ५ मिलिमीटरचे जीव फारसे टिकत नाहीत. पावसाळ्यात येऊरच्या वाटेकडेला साचलेलं, गवत बुडालेलं घोटाभर पाणी शोधा. माझ्या मते तीच खरी जागा.

चहाची गाळणी गवताच्या मुळाशी हलकेच फिरवा आणि आलेलं सगळं पांढऱ्या डब्यात, त्याच पाण्यात सोडा. मिनिटभर हात लावू नका, नुसते पाय बघा. मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारत असेल तर तो शिकारी पाणभुंगेरा. एकाआड एक पाय हलवत चालल्यासारखा पोहत असेल तर तो दुसऱ्या कुळातला, बहुतेक कुजकं खाणारा. दुसरी खूण श्वासाची: शिकारी भुंगेरा शेपटीकडचं टोक वर काढून पंखांखाली हवा भरून घेतो, दुसरा डोक्याकडून वर येतो. शिकाऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक, लांब असतात. त्या भिंगातून छान दिसतात. उताणा पोहणारा दिसला तर तो बहुधा भुंगेरा नव्हे, पाणढेकूण. बोटाला सोंड टोचतो, जपून!

काही जाती गाळणीत कोरड्या पडल्या की टुणकन उडी मारतात, म्हणून गाळणी डब्यावरच धरा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, म्हणून बघून, फोटो काढून सगळे जीव त्याच डबक्यात परत सोडा.