गाडा ओढताना कार्य किती झालं? अदिश गुणाकाराने काढायची रीत

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरींचे गठ्ठे लादलेला हातगाडा कुणी दोरीने ओढतोय असं समजा. दोरी गाड्यापासून खांद्याकडे तिरकी वर जाते, गाडा मात्र रस्त्याला धरून सरकतो. बल, म्हणजे दोरीची ओढ, एका दिशेला; विस्थापन, म्हणजे गाड्याचं सरकणं, दुसऱ्या. कार्य म्हणजे बलाने गाड्याला दिलेली ऊर्जा; ते काढायला अशा वेळी दोघांचा सरळ गुणाकार केला की उत्तर फुगतं. इथे लागतो अदिश गुणाकार, म्हणजेच डॉट प्रॉडक्ट.

आधी चित्र काढा. कंटाळा केलात तर पुढचं सगळं अंदाजपंचे. एक बाण बलाचा, एक विस्थापनाचा. दोन्हींची शेपटं एका बिंदूवर आणा आणि मगच मधला कोन मोजा. एकाचं टोक दुसऱ्याच्या शेपटाला लावून मोजलात तर ३० अंशांच्या जागी १५० मिळतील आणि चिन्हच उलटेल.

मग सूत्र:

कार्य = बल × विस्थापन × कॉस (मधला कोन)

ओढ २०० न्यूटन, अंतर ५० मीटर, कोन ३० अंश धरा. कॉस ३० म्हणजे ०.८६६. उत्तर ८६६० ज्यूल. कॅल्क्युलेटर १५४३ दाखवत असेल तर तो रेडियनवर (कोनाच्या दुसऱ्या एककावर) आहे, डिग्रीवर आणा. उत्तरापुढे ‘पूर्वेकडे’ वगैरे लिहू नका. कार्याला दिशा नसते, म्हणून तर हा गुणाकार अदिश.

आता घटकांनी, म्हणजे आडवा आणि उभा असे भाग पाडून, पडताळा घ्या. बलाचा आडवा घटक १७३.२ न्यूटन, उभा १००. विस्थापन आडवं ५०, उभं शून्य. आडव्याला आडव्याने, उभ्याला उभ्याने गुणा आणि बेरीज करा: पुन्हा ८६६०. कोन दिलेलाच नसेल तेव्हा हीच रीत सोयीची, आणि मला तरी हीच जास्त भरवशाची वाटते.

यानंतर बाकीची बलं एकेक करून घ्या. घर्षण १५० न्यूटन असेल तर कोन १८० अंश, कॉस उणे १, म्हणून कार्य उणे ७५०० ज्यूल. रस्ता सपाट असेल तर गाड्याचं वजन आणि रस्त्याचा वरचा रेटा विस्थापनाला काटकोनात. दोघांचं कार्य शून्य. एकूण उरलं ११६० ज्यूल, तेवढीच गाड्याची गतिज (हालचालीची) ऊर्जा वाढली.

काटकोनाचं हे शून्य पटकन पचत नाही. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या काठ्या) निघतात. उंच, जड काठी कमरेशी तोलून मानकरी चालतो, घामाने निथळतो. तरीही सपाट रस्त्यावर, एकसारख्या चालीत, काठी सरळ असताना त्याने वर दिलेल्या आधाराचं काठीवरचं कार्य शून्यच: आधार वर, चाल आडवी. मग दमतो कसा? काठी तोलून धरायला स्नायूंचे तंतू सतत आखडत-सैलावत राहतात. त्यात शरीरातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ध्वज जमिनीवरून उचलून उभा करताना मात्र कार्य खरोखर होतं, कारण तेव्हा वजन वर चढतं.

एक पथ्य मात्र पाळा. बल आणि दिशा कायम असतील तरच एका गुणाकारात काम भागतं. गल्लीत वळण आलं किंवा ओढ कमी-जास्त झाली तर वाटेचे छोटे तुकडे पाडा, दर तुकड्याचा अदिश गुणाकार वेगळा काढा आणि चिन्हांसकट बेरीज करा.