गच्चीवरच्या सामूहिक शेतीची तयारी: फेब्रुवारीतल्या पाल्यापासून दसऱ्याच्या पेरणीपर्यंत

सोसायटीच्या किंवा शाळेच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून भाजी लावायची ठरली की बहुतेक गट ५ जूनचा, म्हणजे पर्यावरण दिनाचा मुहूर्त धरतात. मुंबईसाठी हा मुहूर्त चुकीचा आहे. ११ जूनच्या आसपास पाऊस येतो, जुलैत तो कोवळी मेथी आणि पालक झोडपून काढतो, कुंड्यांतलं खत वाहून जातं, आणि गणपतीपर्यंत गच्चीवर लागवडीच्या नुसत्या पिशव्या उरतात. म्हणून पहिली मोठी पेरणी दसऱ्याच्या आगेमागे धरावी आणि तयारी फेब्रुवारीत सुरू करावी. आठ महिने फार वाटतील, पण खालचा हिशोब पाहिला की ते पुरतात एवढंच म्हणता येईल. हा हिशोब ६० पिशव्या आणि ४० घरांचा आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

सगळ्यात आधी स्लॅब. लोकांना जाता-येता येईल अशा गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. आता एक पिशवी डोळ्यांपुढे आणा: १५ इंच व्यास, १५ इंच उंची, वरची दोन बोटं सोडून भरली तर सुमारे ४० लिटर मिश्रण. पाणी प्यायलेलं हे मिश्रण ४० किलोच्या घरात जातं. अशा पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर चौरस मीटरला ३०० किलोंच्या आसपास भार पडतो, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून एका चौरस मीटरला दोनच पिशव्या, म्हणजे माणसांच्या वावरालाही वजन शिल्लक राहतं. त्यातही शक्य तितक्या पिशव्या तुळयांच्या रेषेवर ठेवायच्या, स्लॅबच्या मधोमध नाही. ६० पिशव्यांना वाटांसकट ५० चौरस मीटर जागा लागेल. पालेभाजीचा वाफा करायचा असेल तर मिश्रणाची खोली १५ सेंटीमीटरच ठेवा. तेवढ्यानेही १३५ ते १५० किलो होतात. निव्वळ लाल माती भरली तर हाच आकडा २५० च्या वर जातो. गच्चीवर मातीचा वाफा नको म्हणतात ते यासाठी.

या हिशोबाचा कागद घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि लेखी अभिप्राय घ्या. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार तिची तपासणी झालेली असायलाच हवी. तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या. अहवालात गच्चीच्या स्लॅबला दुरुस्ती सुचवली असेल तर ती होईपर्यंत थांबा, किंवा तळमजल्यावर ऊन येणारा कोपरा शोधा. पाच तास थेट ऊन मिळालं तर पालेभाजीचं भागतं, फळभाजीला सहा-सात तास लागतात.

परवानगीचा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येऊन ठराव व्हायला हवा, कमिटीची तोंडी ‘हो’ पुरत नाही. ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: पाणी कुठलं वापरायचं, भाजी कशी वाटायची, लीकेज झालं तर खर्च कोण देणार, आणि गच्चीची किल्ली कोणाकडे. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांशी सभेआधीच बोला. छत गळण्याची धास्ती त्यांना असते आणि ती रास्त आहे. त्यांच्या छताचे फोटो तारखेसह काढून ठेवा, म्हणजे जुनी ओल आणि नवी ओल यावरून पुढे भांडण होत नाही. प्रत्येक पिशवी विटांच्या तुकड्यांवर तीन-चार इंच उचलून ठेवायची, म्हणजे खालचा कोबा वाळतो आणि झाडू फिरवता येतो. पावसाचं पाणी जायच्या जाळीभोवती तीन फूट जागा मोकळी हवी. मांडवासाठी कोब्यात खिळा किंवा ड्रिल चालणार नाही. वाळूसिमेंट भरलेल्या डब्यांत बांबू उभे करा. कठड्यावर कुंडी कधीच ठेवायची नाही. जुलैतल्या वाऱ्यात ती खाली कोणाच्या डोक्यात पडेल. जिना आणि रेफ्युज एरिया (आग लागली तर थांबायची जागा) मोकळा ठेवायचा हे वेगळं सांगायला नको.

आता खत. खरी मेहनत इथे आहे. ६० पिशव्या गुणिले ४० लिटर म्हणजे २,४०० लिटर मिश्रण. त्यात ४० टक्के कंपोस्ट, ४० टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २० टक्के लाल माती धरा. कंपोस्ट झालं ९६० लिटर, वजनाने सुमारे ६०० किलो. एका घरातून दिवसाला अर्धा किलो ओला कचरा धरला तर ४० घरांतून २० किलो येतो, आणि कुजून त्याचं चार-पाच किलो खत होतं. ६०० किलोंना सव्वाशे-दीडशे दिवस लागतात. १ मार्चला पहिली बादली पडली तर जुलैच्या सुरुवातीला किंवा अखेरीला खत पुरं होतं, आणि महिनाभर मुरवून सप्टेंबरच्या सुरुवातीला हातात येतं. विकतचं खत आणता येईल, पण मग शेजारच्या चाळीस घरांचा या शेतीशी संबंध काय राहिला? महापालिकेच्या तळावर न गेलेला अडीच-तीन टन कचरा हेच या कामाचं पहिलं पीक. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून शेती उभी केली तीही स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर.

कचऱ्याआधी पाला हवा. बदाम, पिंपळ आणि रेन ट्री फेब्रुवारी-मार्चमध्ये भरभरून पान गाळतात. सफाई कामगारांशी बोलून तो गोण्यांत भरून घ्या. चुरून भरलेल्या भरपूर गोण्या लागतील, आणि पावसात भिजणार नाहीत अशा जागी त्या ठेवायच्या. बदामाचं पान जाड. ते पायाखाली तुडवून किंवा कात्रीने बारीक केल्याशिवाय घालू नका, नाहीतर पानांचे थर एकमेकांना चिकटून हवा कोंडते. खताचे कप्पे गच्चीवर नाही, तळमजल्यावरच: तीन फुटांचा भरलेला कप्पा चौरस मीटरला ५०० किलोंवर जातो. जाळीचे चार कप्पे, पत्र्याचं छप्पर, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि खाली उंदीर-घुशी येऊ नयेत म्हणून बारीक लोखंडी जाळी (वेल्डमेश).

रोजचं काम एवढंच: दर बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या पाला, आठवड्याला एक घमेलं जुनं खत किंवा शेण विरजण म्हणून. शिजवलेलं अन्न थोडं चालतं. मासळी, हाडं, तेलकट रस्सा नको. पाच-सात दिवसांनी ढीग उलटवायचा. चांगला ढीग ५५ ते ६५ अंशांवर तापतो. हात घातला तर चटका बसल्यासारखा होतो. ओल तपासायला मूठभर घेऊन दाबा. बोटांमधून दोन-तीन थेंब आले तर बरोबर, धार आली तर पाला कमी पडलाय, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा मिळत नाही: उलटवा आणि पाला घाला. डोळ्यांत जाणारा अमोनियाचा दर्प आला तरी उपाय पालाच, कारण नत्र जास्त झालंय. पावसाळ्यात करड्या-पांढऱ्या जाड अळ्या दिसतील. त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. तक्रार येण्याआधीच नोटीस बोर्डावर त्यांचा फोटो आणि दोन ओळी लावा. खत तयार झालं का हे ढिगाच्या नुसत्या वासावर ठरवू नका. मूठभर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवून उघडा, आंबूस वास आला तर थांबा. शिवाय मेथीचे दहा दाणे खतात आणि दहा साध्या मातीत पेरा. मातीत नऊ उगवले आणि खतात चार, तर खत अजून कच्चं आहे.

बाकीच्या सामानात कोकोपीटच्या ५ किलोच्या १४ विटा (एक फुगून ७० लिटर होते). कोकोपीटमध्ये क्षार असतात, त्यामुळे दोनदा धुऊन पाणी टाकून द्या. न धुता भरलं तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात. ४८० लिटर लाल माती ६०० किलोंच्या वर जाते, म्हणजे २५ किलोच्या २५ गोण्या. लिफ्टने न्यायची वेळ वॉचमनशी ठरवून, एका फेरीत किती गोण्या हेही ठरवा. बांधकामाच्या भरणीची माती फुकट मिळते. घेऊ नका, त्यात चुना, काच आणि रंगाचे पापुद्रे असतात. पिशवीच्या तळाला शहाळ्याच्या सालांचे तुकडे किंवा रसवंतीवरची वाळलेली उसाची चिपाडं दोन इंच घाला. निळे ड्रम भंगारवाल्याकडे मिळतात, पण आत आधी काय होतं हे सांगता येत नसेल तर भाजीसाठी नको.

पाणी: ऑक्टोबरच्या उन्हात पिशवीला रोज एक-दीड लिटर, ६० पिशव्यांना ९० लिटरपर्यंत. एसीचं टपकणारं पाणी उत्तम, तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं. आरओच्या नाकारलेल्या पाण्यात क्षार साचतात, ते रोज घालू नका. साठवणीच्या ड्रमवर घट्ट जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस, वार ठरवून, सगळ्या ताटल्या, रिकाम्या कुंड्या, ताडपत्रीच्या घड्या ओतून कोरड्या करायच्या. हे चुकलं तर महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची नोटीस सोसायटीला येते आणि शेती तिथेच थांबते.

पावसाळा मात्र रिकामा घालवू नका. मे अखेर दहा-बारा पिशव्यांत वेल लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची वाणं आपल्या दमट हवेसाठीच निवडलेली आहेत: शिराळ्यात ‘कोकण हरिता’, कारल्यात ‘कोकण तारा’, पडवळात ‘कोकण श्वेता’. बरोबर अळू आणि हळद. मुलांना शिकवायला हेच दिवस सर्वांत चांगले. शिराळ्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळच्या शाळेच्या वेळी ती मिटलेली असतात, त्यामुळे परागीभवन दाखवायचं असेल तर वर्ग साडेपाचला घ्या. मादी फुलामागे बोटाएवढं इवलं शिराळं आधीच दिसतं, नर फुलामागे फक्त देठ. रंगकामाच्या मऊ कुंचल्याने नराचे पराग मादीवर टेकवायचे आणि देठाला दोरा बांधून तारीख लिहायची. आठवड्याने फळ धरलं की मुलं स्वतःहून दुसरं फूल शोधतात.

मुलांचा गट १२ चा, सोबत दोन मोठी माणसं, वेळ ४० मिनिटं. जास्त मुलं घेतली तर मागची सहा नुसती उभी राहतात. लागणारं सामान: ताणकाटा, ० ते १०० अंशांचा लांब दांड्याचा तापमापक, दहापट भिंग, खुरपी, बूट आणि हातमोजे. कठडा मुलांच्या छातीपेक्षा उंच नसेल तर गच्चीवर वर्ग नको, खताच्या कप्प्याशी घ्या. रोजचा कचरा तोलून फलकावर आकडा लिहिणं हे एकच काम वर्षभर चाललं तरी पर्यावरणाचा अर्धा अभ्यास होतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे हे त्या आकड्याशेजारी लिहा. सहल न्यायची तर सायन-धारावीजवळ मिठीच्या काठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या: ३७ एकरांचं हे रान जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे. पावसाळी टाकळा आणि कुर्डू ओळखायला शिकवा, पण गटाराकाठचा तोडून खायचा नाही, आणि मोठ्यांना दाखवल्याशिवाय कुठलंच रानपान तोंडात घालायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी छपराखाली प्रो-ट्रेमध्ये (रोपं वाढवायच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) पेरा. टोमॅटोची रोपं २५ ते ३० दिवसांत लावणीला येतात, वांगी-मिरचीला थोडे जास्त दिवस लागतात. दसऱ्याच्या आगेमागे पिशव्यांत लावणी, आणि वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, कारण ऑक्टोबरचं ऊन रोपांना मारतं. मेथी, माठ, मुळा, कोथिंबीर थेट पेरा. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी केल्या तर सारखे उगवतात. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल जावं. खोल गेलेली मेथी येतच नाही. पेरल्या दिवसापासून कबुतरं येतात, तेव्हा जाळी आधी ताणा, पेरणी मग.

औषधांत एवढं तयार ठेवा: लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळीच फवारायचं. मावा आणि पिठ्या ढेकणासाठी पानाच्या खालच्या बाजूला मारा. वेलभाज्यांवरच्या फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा, आणि फळ बोटभर झालं की कागदी पिशवी. जोम कमी वाटला तर अमृतजल: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून मुळाशी द्यायचं.

राहिली पाळी. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते, आणि पिशव्यांतली माती दोन दिवसांत वाळते. म्हणून पेरणीआधीच या दोन सुट्ट्यांचा तक्ता करा: प्रत्येक दिवसाला एक घर आणि एक राखीव घर, फोन नंबर, गच्चीची किल्ली कुठे, पाईप कुठला. पाणी घालायचं वॉचमनवर सोडायचं असेल तर त्याचे पैसे त्याच तक्त्यात लिहून आगाऊ द्या.