सिन्युक्लिनचा को-आयपी करताना

अल्फा-सिन्युक्लिन म्हटलं की सगळ्यांना पार्किन्सन आठवतो. त्या रुग्णांच्या मेंदूत सापडणाऱ्या ल्युई बॉडी मुख्यतः याच प्रथिनाच्या गुठळ्या, त्यामुळे बिचारं बदनाम. पण धडधाकट चेतापेशीत ते कामाचं असतं. न्यूरोट्रान्समीटर भरलेल्या पिशव्यांवर व्हॅम्प-२ नावाचं प्रथिन असतं. सिन्युक्लिन त्याला आपल्या शेपटाने धरतं आणि पिशवी पेशीच्या पडद्याला भिडवणारा स्नेअर संच जुळवायला मदत करतं. गुठळीत अडकलेलं सिन्युक्लिन या कामाला उरत नाही. ही पकड उंदराच्या मेंदूत दाखवायची, तर को-आयपी, म्हणजे को-इम्युनोप्रेसिपिटेशन: अँटिबॉडीने एक प्रथिन ओढून काढायचं आणि त्याला चिकटून दुसरं येतं का ते पाहायचं.

मेंदू काढल्यापासून सगळं बर्फावर. पेशी फोडायच्या बफरमध्ये १ टक्का ट्रायटन हा सौम्य डिटर्जंट पुरे. मी पहिल्यांदा एसडीएस हा कडक डिटर्जंट असलेला रिपा बफर वापरला होता. प्रथिनं छान विरघळली, जोड्याही सुटल्या! प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारा प्रोटिएझ इनहिबिटर सगळेच घालतात, फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेझचाही घाला: ल्युई बॉडीतल्या सुमारे ९० टक्के सिन्युक्लिनच्या १२९व्या अमिनो आम्लावर, म्हणजे सेरीनवर, फॉस्फेट असतो, निरोगी मेंदूत तो जेमतेम ४ टक्क्यांवर. पुढेमागे तो मोजावासा वाटेलच.

लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ टाका, त्यातला थोडा तुलनेसाठी 'इनपुट' म्हणून बाजूला ठेवा. सिन्युक्लिनची अँटिबॉडी घालून ४ अंशांवर रात्रभर, सकाळी तासभर अँटिबॉडी पकडणारे बीड्स, मग हलक्या हाताने तीन-चार धुण्या. जेलवर चढवण्याआधी नमुना नीट उकळा. स्नेअर संच एसडीएसलाही दाद देत नाही. उकळला नाही तर व्हॅम्प-२चा पट्टा भलताच वर दिसतो.

आता ब्लॉट: जेलमधली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधायची. इथे माझा महिना गेला. इनपुटमध्येसुद्धा सिन्युक्लिन दिसेना, मी अँटिबॉडीला दोष देत बसले. दोष धुण्याचा होता: १४० अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन मेंब्रेनवरून चक्क वाहून जातं. ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन घ्या आणि ट्रान्सफर झाल्या झाल्या, ब्लॉकिंगच्या आधी, ०.४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवा. दोन्ही पट्टे २० किलोडाल्टनच्या खाली असल्याने ओढायला वापरलेल्या अँटिबॉडीच्या ५० आणि २५च्या साखळ्या आड येत नाहीत. टाऊ या अल्झायमरमधल्या प्रथिनावर काम करणाऱ्यांना विचारा, त्यांचं प्रथिन नेमकं त्या ५०च्या आसपास धावतं.

कंट्रोल म्हणून नुसता आयजीजी, म्हणजे सिन्युक्लिनशी संबंध नसलेली अँटिबॉडी, पुरत नाही, सिन्युक्लिन नसलेला मेंदूही हवा. सी५७ ब्लॅक ६ उंदरांच्या ओलाएचएसडी या उपवाणात सिन्युक्लिनचा जीन मुळातच गळालेला आहे. म्हणूनच साधा उंदीर मागवतानाही वाण नीट वाचून घ्या.

पट्टा दिसला तरी लगेच नाचू नका. पेशी फोडल्यावर एरवी कधी न भेटणारी प्रथिनंही नळीत गळ्यात गळे घालतात. सिन्युक्लिन नसलेल्या मेंदूच्या लायसेटमध्ये शुद्ध सिन्युक्लिन बाहेरून घाला आणि तोच आयपी करा. व्हॅम्प-२ तितकंच वर आलं, तर ती भेट नळीतलीही असू शकते.