मूरवर किलोमीटर नाही, आडोसे मोजा

पेनाईन ब्रायडलवे, म्हणजे इंग्लंडमधली घोडे-सायकलींची लांब वाट, ३३० किलोमीटरची. रोजचे ६५ धरले की पाच दिवसांत उरकलं, असा हिशोब मी घरात बसून केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माझे २८ किलोमीटर झाले होते, आणि त्यातले निम्मे सायकल ढकलत.

डर्बीशायरमधल्या मिडलटन टॉपपासून कंब्रियातल्या रेव्हन्स्टनडेलपर्यंतची ही वाट उत्तर इंग्लंडच्या डोंगरकण्यावरून जाते. वर चढलं की मूर लागतो: झाड नाही, घर नाही, गुडघाभर हेदरची झुडपं आणि त्याखाली पीट, म्हणजे कुजक्या झाडोऱ्याची काळी, पाणी धरून बसलेली माती. पाऊस आडवा येतो. म्हणून आता मी दिवस आखते तो आडोशांवर.

आदल्या रात्री १:२५,००० चा नकाशा उघडते आणि उद्याच्या वाटेवर जिथे वारा अडेल किंवा पटकन खाली उतरता येईल, तिथे पेन्सिलीने गोल करते. चुना-सिमेंटाशिवाय रचलेले दगडी गडगे, मेंढ्यांचे गोठे, झाडांचे पट्टे, गावाकडे उतरणारा रस्ता, रेल्वे स्टेशन. टॉडमॉर्डन, हेब्डन ब्रिज, सेटल, गार्सडेल ही स्टेशनं तर आधीच लाल करून ठेवा. दोन गोलांमध्ये दीड तासाहून जास्त वेळ जाणार असेल, तर अलीकडच्या आडोशालाच खाऊन घ्यायचं आणि रेनकोट पाऊस यायच्या आधी चढवायचा. भर वाऱ्यात पिशवी उघडून जॅकेट शोधणं म्हणजे निम्मं सामान उडवून देणं.

नकाशावरच्या हिरव्या रेघाही नीट बघा. लांब तुटक रेघ म्हणजे ब्रायडलवे. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला मुभा आहे, फक्त चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. बारीक तुटक रेघ म्हणजे फूटपाथ, तिथे चालवायचा हक्क नाही. पेनाईन वे नावाची प्रसिद्ध पायवाट बरीचशी अशी आहे. नावं सारखी, घोटाळा सोपा.

दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवा. इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा, म्हणजे पाठीशी नाहीतर तिरका राहतो. तिरक्या वाऱ्यात हँडलबारवरची फुगीर पिशवी शिडासारखी वारा धरते आणि पुढचं चाक गटाराकडे ओढते. जड सामान फ्रेमच्या पिशवीत खाली, पुढे फक्त झोपायची पिशवी, घट्ट गुंडाळून.

जमीन वाचायला झाडोऱ्याकडे बघावं. हेदर असेल तर खाली बऱ्यापैकी कोरडं. लव्हाळे दिसले की गिअर हलका करा. कॉटनग्रास या दलदलीतल्या गवताचे कापसासारखे पांढरे तुरे डोलत असले की उतरा. आणि पोपटी हिरवं, गादीसारखं शेवाळ कितीही गोड दिसलं तरी त्यावर पाय ठेवू नका. मी ठेवला, बूट बाहेर काढायला दोन्ही हात लागले. मात्र चिखल टाळायला बाजूच्या हेदरमधून नवी वाट पाडू नका. पीटवरचा ओरखडा वर्षानुवर्षं भरत नाही.

याच वाटेचा भाग असलेल्या मेरी टाउनली लूप या ७६ किलोमीटरच्या फेऱ्यावर जुन्या ओझ्याच्या घोड्यांसाठी घातलेल्या दगडी फरश्या आहेत, मधोमध झिजून पन्हळ झालेल्या. ओल्या असताना त्यांवर ब्रेक नाही, वळण नाही. वेग आधीच कमी करायचा आणि सरळ जाऊ द्यायचं.

ब्रेकचंच सांगते. इथली वाळू ब्रेक पॅड कानशीसारखी खाते. माझे नवे रेझिनचे पॅड दोन ओल्या दिवसांत संपले. आधी लिव्हर हँडलला टेकायला लागला, मग एका उतारावर चर्रर आवाज आला, तो पॅडच्या पत्र्याचा. गडग्याला सायकल टेकवली, चाक काढलं, पिस्टन टायर लिव्हरने मागे ढकलले. सुट्या पॅडची जोडी होती म्हणून निभावलं. आता सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड लावते, आणि तरी एक जोडी बरोबर असतेच.

थंडीची खूण थरथरण्याच्याही आधी बोटांत येते. हेल्मेटचं बक्कल एका हाताने उघडत नसेल, तर पुढच्या आडोशाला थांबायचंच: कोरडा थर आत, गोड काहीतरी पोटात. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. नाही लागला तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

ओढ्याचं पाणी पीटमुळे चहासारखं तपकिरी असतं. रंगाने काही होत नाही, पण वर कुठेतरी मेंढी मरून पडलेली असू शकते, तेव्हा गाळा आणि उकळा. तंबू ठोकायला इथे जमीनमालकाची परवानगी लागते. मी मुक्काम खाली गावातच धरते.

एका खेपेला ग्रेट नाउटबेरी हिलच्या खांद्यावर बक्कल उघडेना. नकाशावर पुढचा लाल गोल गार्सडेलचा होता. स्टेशनवर बसून मोजे पिळले आणि पहिली गाडी पकडली. उरलेला तुकडा पुढच्या मे महिन्यात केला, कोरड्या मोज्यांनी.