कम्बाईनच्या काड-पसरवणीवर पेटंट घ्यायचं असेल तर

कम्बाईन हार्वेस्टर धान्य टाकीत घेतो आणि काड मागे टाकतो. चौदा फुटी कटरबारने कापलेलं सगळं काड मागे पाच-सहा फुटांच्या पट्ट्यात पडलं की पुढची पेरणी तिथेच अडते. पेरणीयंत्राचे फण गुंततात, बी मातीपर्यंत पोचत नाही, उगवण पट्ट्यापट्ट्यांनी होते आणि वैतागलेला शेतकरी शेवटी काडी ओढून काड पेटवून देतो. पंजाबने २०१८ मध्ये कम्बाईनला सुपर एसएमएस, म्हणजे मागे काड कापून पसरवणारी जोडणी, सक्तीची केली ती याच कारणाने. आपल्याकडे सोयाबीन, गहू, हरभरा आणि पूर्व विदर्भातल्या धानाला कम्बाईन लागू लागले, तसा हा प्रश्नही इथे आला.

त्यावर डोकं चालवणारे लोक गावात आहेत तसे मुंबईतही आहेत. साकीनाका, कुर्ला, भिवंडीच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत गावाकडच्या भावाने सांगितलेल्या अडचणीवर जोडणी तयार होते, पुढच्या हंगामात ती शेतात चालतेही. मग प्रश्न येतो: याचं पेटंट मिळेल का? मी मुंबईत पेटंट अर्जांचंच काम करतो. माझं उत्तर असं की काड पसरवण्याला पेटंट मिळत नाही. आधीच्या यंत्रांना न जमलेलं काम ज्या विशिष्ट रचनेमुळे जमतं, त्या रचनेला मिळतं. ती रचना बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

आधी अडचण नेमकी मांडा

‘काड नीट पसरत नाही’ ही शेतकऱ्याची तक्रार झाली. पेटंटसाठी तिच्या मुळाशी जावं लागतं. काड कापणारा रोटर, म्हणजे चॉपर, कमी पडतो का? चाळणीवरून येणारं हलकं तूस आणि जड काड वेगवेगळ्या अंतरावर पडतात का? ओलं काड त्याला दिशा देणाऱ्या पंखांना चिकटतं का? आडवा वारा सगळं काड एका बाजूला, कधी उभ्या पिकावर, ढकलतो का? की इंजिनची ताकद चॉपरच खातो? प्रत्येक अडचणीचं कारण वेगळं, म्हणून उपाय वेगळा आणि पेटंटही वेगळं.

पुढे सोयीसाठी एकच उदाहरण धरतो. समजा, तुम्ही आडव्या वाऱ्यावर उपाय शोधलाय. चॉपरच्या मागच्या तक्त्यावरचे पंख एका दांड्याने जोडले आणि तो दांडा यंत्राच्या छतावरच्या वाऱ्याच्या पात्याला जोडला. वारा डावीकडून आला की पंख आपोआप डावीकडे वळतात. सेन्सर नाही, वायरिंग नाही. खरी गंमत मात्र पंख ज्याभोवती फिरतो त्या आसात आहे. आस पंखाच्या पुढच्या टोकाला असला तर काडाचा झोत पंखाला इतक्या जोराने दाबतो की छतावरच्या पात्याला तो वळवताच येत नाही. तुम्ही आस थोडा मागे, झोताचा दाब दोन्ही बाजूंनी जवळपास समतोल होतो तिथे आणलात. आता थोड्या जोराने पंख फिरतो. हे नवं आहे की नाही ते शोध घेतल्यावरच ठरेल, पण विचार या पातळीपर्यंत उतरला पाहिजे.

जुनं काय आहे ते शोधा

फिरणाऱ्या तबकड्या, मोटरने वळणारे पंख, वाऱ्याचा अंदाज घेऊन पसरवण्याची दिशा बदलणं यांवर परदेशी कंपन्यांनी ढिगाने अर्ज केलेले आहेत. तुमची कल्पना भारतात कुणी पाहिली नसेल, पण जगात कुठेही छापून आली असेल तर ती नवी ठरत नाही.

शोध फुकटात होतो. भारतीय पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’, युरोपचं ‘एस्पेसनेट’, ‘गूगल पेटंट्स’ आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं ‘पेटंटस्कोप’ पाहा. नुसत्या शब्दांनी शोधू नका, कारण एकाच भागाला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. वर्गीकरणाने शोधा: कम्बाईनमधून काड मांडणं आणि पसरवणं यासाठी ए०१डी ४१/१२४३, काड कापणाऱ्या जोडणीसाठी ए०१एफ १२/४०. ही अक्षरं रोमन लिपीत टाकायची. जर्मन किंवा चिनी कागद हाती आला तर यांत्रिक भाषांतर पुरे, निम्मी गोष्ट आकृत्याच सांगतात. यूट्यूबवरचे व्हिडिओही बघा. पंजाब-हरियाणातल्या कारखानदारांनी टाकलेला दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा जुनी माहिती म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

सर्वांत जवळचे तीन-चार कागद बाजूला काढा आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: यात काय आहे, माझ्यात काय वेगळं आहे, त्या वेगळेपणाने काय साधतं. तिसरं उत्तर लिहिता आलं नाही तर तिथेच थांबलेलं बरं. पैसे वाचतात.

कायद्याच्या चाळणीतून जाऊ द्या

पेटंट कायदा १९७० चा आहे. नावीन्य, कल्पकता आणि उद्योगात उपयोग या तीन अटी. तिसरी कम्बाईनला सहज पार पडते, अर्ज अडतो तो कल्पकतेवर. कलम २(१)(जेए) प्रमाणे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही हवं, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचणारं नसावं. पुष्कळ जण पहिल्या अर्ध्यावर थांबतात. ‘यामुळे शेतकऱ्याचं डिझेल वाचतं’ हे महत्त्वाचं आहेच, पण तेवढ्याने भागत नाही.

वर्कशॉपवाल्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटला माहीत करून घ्यावा. वाद भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा होता. न्यायालयाने सांगितलं की सुधारणा निव्वळ कारागिरीतल्या नेहमीच्या बदलापेक्षा अधिक हवी. ते पेटंट टिकलं नाही. पत्रा जाड केला, पंख चारऐवजी सहा लावले, नटबोल्टच्या जागी पिन आणली, तर आजही पेटंट कार्यालयाचा परीक्षक हेच म्हणतो.

कलम ३ मधली तीन उपकलमं या विषयात पुन्हा पुन्हा आडवी येतात. ३(एफ): माहीत असलेली साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर पेटंट नाही. चॉपर आहे, पंखा आहे, तक्ता आहे, आम्ही तिन्ही एकत्र बसवले, एवढंच लिहिलं तर अर्ज इथे पडतो. आपल्या उदाहरणात पातं, दांडा आणि समतोल आस एकमेकांवाचून काम करू शकत नाहीत. हे परस्परावलंबन वर्णनात ठळक आलं पाहिजे. ३(एच): शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही. म्हणून ‘काड पसरवून गहू पेरण्याची पद्धत’ असा दावा करू नका. यंत्राला हे कलम लागू होत नाही. ३(के): कॅमेरा आणि सॉफ्टवेअर वापरत असाल तर नुसता अल्गोरिदम चालणार नाही. मोजमाप कुठून येतं, त्यावरून कोणता भाग किती फिरतो आणि काडाची दिशा प्रत्यक्ष कशी बदलते, ही साखळी दाखवावी लागते.

शेतात उतरवण्याआधी तारीख मिळवा

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

हार्वेस्टर बंद खोलीत तपासता येत नाही. तो शेतात चालणार, बांधावर दहा जण उभे राहणार, त्यातले चार मोबाईल काढणार. कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. कलम ३२ सांगतं की अर्जाच्या आधीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी यंत्र उघड्यावर चालवलं आणि तसं करणं गरजेचंच होतं, तर तेवढ्यावरून नावीन्य जात नाही. पण ही सवलत चाचणीपुरती. तेच यंत्र एकरी भाड्याने हंगामभर फिरवलं, विकलं किंवा त्याचा व्हिडिओ टाकला, तर या कलमाच्या भरवशावर राहू नका. मोशीच्या किसान प्रदर्शनासारख्या ठिकाणी मांडण्याआधीही विचार करा. प्रदर्शनाची सवलत कलम ३१ मध्ये आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि अर्ज बारा महिन्यांत करावा लागतो.

सरळ मार्ग म्हणजे आधी तात्पुरत्या तपशिलासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, अर्ज करणं. त्याला दाव्यांची, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणाऱ्या वाक्यांची, गरज नसते, मात्र कल्पनेचा गाभा त्यात आलाच पाहिजे. आस मागे घेण्याची युक्ती त्यात नसेल आणि नंतर घातली, तर तिला नंतरचीच तारीख मिळेल. पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा असतो. हे बारा महिने आपल्या हंगामांत छान बसतात: सप्टेंबरमध्ये अर्ज केला तर ऑक्टोबरचं सोयाबीन आणि मार्चचा गहू, दोन्ही चाचण्या घेऊन पुढच्या सप्टेंबरच्या आत पूर्ण तपशील देता येतो.

तोवर लेझर-कटिंगवाल्याला, पावडर-कोटिंगवाल्याला आणि ज्याच्या कम्बाईनवर जोडणी बसवणार त्याला गोपनीयतेच्या साध्या करारावर सही करायला लावा. ओळखीचा माणूस आहे म्हणून टाळू नका.

मोजा, आणि तुलना करून मोजा

कल्पकतेचा सर्वांत भक्कम पुरावा शेतातच मिळतो. एकच शेत, एकच वाण, एकच दिवस. एका फेरीत पंख जुन्या पद्धतीने घट्ट बांधून ठेवा, दुसऱ्या फेरीत मोकळे सोडा. हार्वेस्टर पुढे गेला की त्याच्या वाटेला आडवी दोरी बांधा आणि दोरीलगत ठरावीक अंतरावर एक मीटर चौकट ठेवून आतलं सुटं काड पिशवीत भरा. जमिनीत उभं असलेलं धसकट त्यात घेऊ नका. प्रत्येक पिशवीवर जागा लिहा आणि वजन करा. वाऱ्याचा वेग आणि दिशा, काडाचा ओलावा, यंत्राचा वेग त्याच वेळी वहीत नोंदवा. दोन्ही फेऱ्यांच्या वजनांचे आलेख शेजारी ठेवले की एका बाजूला झुकलेला ढीग आणि सपाट झालेली ओळ परीक्षकालाही दिसते. ‘अत्यंत समान पसरते’ अशा विशेषणांपेक्षा हा वजनांचा तक्ता कितीतरी जास्त बोलतो.

आस टोकाला ठेवून तिसरी फेरी जरूर घ्या. पातं असूनही पंख वळत नाहीत हे त्यात दिसलं, तर तुमची युक्ती सहज सुचणारी नव्हती हे म्हणायला हातात काहीतरी असतं.

दावे लिहा

पेटंटचा हक्क दाव्यांत असतो, वर्णनात नाही. नेहमी दिसणारा कच्चा दावा असा: ‘कम्बाईनच्या मागे बसवलेली, काड समान पसरवणारी यंत्रणा.’ यात फक्त इच्छा आहे, रचना नाही, आणि जुनी सगळी यंत्रं यात बसतात.

त्यापेक्षा असं लिहा: ‘चॉपरमागच्या तक्त्यावर उभ्या आसांभोवती फिरणारे अनेक पंख, त्यांना जोडणारा दांडा, चॉपरच्या झोताबाहेर, यंत्राच्या छतावर बसवलेलं वाऱ्याचं पातं, पात्याची हालचाल दांड्याला देणारा जोड, आणि वैशिष्ट्य असं की प्रत्येक पंखाचा आस त्याच्या पुढच्या टोकापासून मागे, काडाच्या झोताचा दाब आसाच्या दोन्ही बाजूंना जवळपास समतोल होईल अशा जागी आहे.’ मग या मुख्य दाव्याला टेकून छोटे दावे: आस किती टक्के मागे, झटके शोषणारा डॅम्पर, रस्त्याने जाताना पंख बंद करणारी खिट्टी. मुख्य दावा पडला तरी यांतला एखादा वाचतो.

अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो. तरी पहिला मसुदा मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मग पेटंट एजंटकडे जा. यंत्र तुम्हाला कळतं तितकं त्याला पहिल्या भेटीत कळणार नाही. तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत लपवू नका. ती उघड करणं कायद्याने बंधनकारक आहे.

अर्ज, फी, आणि नावं

महाराष्ट्रातल्या अर्जदारासाठी कार्यालय मुंबईचं: अँटॉप हिलचं बौद्धिक संपदा भवन. हार्बर लाइनने गुरु तेग बहादूर नगरला उतरून जाता येतं, पण अर्ज ऑनलाइनच भरतात आणि सुनावणीही व्हिडिओवर होते. फॉर्म १ अर्जाचा, २ तपशिलाचा, ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, ५ संशोधक कोण याचा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ऑनलाइन फी १,६०० रुपये, इतरांना ८,०००. लघुउद्योग किंवा स्टार्टअपची सवलत हवी असेल तर फॉर्म २८ जोडा. तीस पानं आणि दहा दाव्यांच्या पुढे जादा फी लागते. एजंटचे पैसे वेगळे. मान्यताप्राप्त स्टार्टअप असाल तर सरकारी योजनेतून अर्जाला मदत करणाऱ्या एजंटची फी सुटू शकते.

गाळा मुंबईचा आणि कल्पना गावाकडच्या भावाची असेल तर नावांचा निर्णय आधीच कागदावर घ्या. दोघं सहमालक झालात की प्रत्येकाला स्वतः यंत्र बनवून विकता येतं आणि नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. परवाना किंवा हक्क तिसऱ्याला द्यायचा झाला तर मात्र दुसऱ्याची संमती हवी. वेगळं काही ठरलं असेल तर ते लेखी करा.

परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतातल्या पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत करा. भारताआधी बाहेर अर्ज करायचा असेल, किंवा इथल्या अर्जाला सहा आठवडे व्हायच्या आत, तर कलम ३९ ची लेखी परवानगी लागते.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तो आपोआप तपासला जात नाही. फॉर्म १८ भरून, वैयक्तिक अर्जदाराला ४,००० रुपये फीसह, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत विनंती करावी लागते. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने. घाबरून सगळे दावे अरुंद करू नका. परीक्षकाने दाखवलेला जुना कागद आकृतीसकट वाचा, त्यात आस कुठे आहे ते पाहा, आणि तुमचा वजनांचा तक्ता पुढे करा.

पेटंट मिळालं तरी दुसऱ्याचं चालू पेटंट वापरायची मुभा मिळत नाही. तुमचे पंख ज्या चॉपरमागे बसतात तो कुणाच्या पेटंटखाली आहे का, हे विकण्याआधी तपासा. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून लागते. मंजुरीला उशीर झाला असेल तर मधल्या वर्षांची साचलेली फी नोंदणीनंतर तीन महिन्यांत एकदम भरावी लागते, तेव्हा ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.